काळ्या दगडावरची रेघ आणि दुरुस्तीचा अधिकार

एकदा लिहिलेली नोंद कोणालाही बदलता येणार नाही, हे ब्लॉकचेन तंत्रज्ञानाचे ब्रीद. या खतावणीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. मागचा एक आकडा फिरवला तरी पुढचे सारे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. याच भरवशावर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम झाला. म्हणूनच ही काळ्या दगडावरची रेघ कितपत पक्की आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

अनुभव वेगळेच सांगतो. जून २०१६ मध्ये इथेरियमवरील ‘द डाओ’ या गुंतवणूक निधीच्या आज्ञावलीतील त्रुटीचा फायदा घेऊन अज्ञाताने सुमारे ३६ लाख इथर वळते केले. तेव्हाच्या भावाने ती रक्कम पाच कोटी डॉलरच्या आसपास होती. २० जुलै रोजी, १९ लाख २० हजाराव्या पानावर, आज्ञावलीत घातलेल्या मोजक्या ओळींनी निधीतील शिल्लक परतफेडीच्या खात्यात नेण्यात आली. जुन्या एकाही पानाला हात लागला नाही. बदलली ती पुढची शिल्लक. ज्यांना हे मान्य नव्हते, त्यांनी मूळ खतावणी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. एका दुरुस्तीने एका वहीच्या दोन वह्या झाल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या बाजारातून सुमारे दीडशे कोटी डॉलरचे इथर चोरीला गेले. खतावणी मागे फिरवण्याची मागणी झाली, पण ती मान्य झाली नाही. तसे केले असते, तर चोरीशी संबंध नसलेल्यांचे असंख्य व्यवहारही मोडले असते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘सुई’ या साखळीवरील सेटस येथे चोरी झाली. तेथे मात्र व्यवहार प्रमाणित करणाऱ्यांनी सुमारे १६ कोटी डॉलर गोठवले आणि मतदान घेऊन, चोराच्या स्वाक्षरीविना, ते सोडवून घेण्याचा निर्णय केला. तात्पर्य, नोंद अटळ राहते ती ती सांभाळणाऱ्यांची तशी इच्छा असेपर्यंतच.

महसूल खात्याला हा प्रश्न नवा नाही. सातबाऱ्यावरील जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करून फेरफाराचा क्रमांक लिहितात. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणीकरणानंतरच नोंद पक्की होते. या पद्धतीचाही दुरुपयोग होतो. परंतु दाद कोठे मागायची, हे खातेदाराला ठाऊक असते.

दाखल्यावर जात चुकीची नोंदली गेली तर आदिवासी विद्यार्थ्याचा प्रवेश अडतो. ‘नोंद बदलत नाही’ हे उत्तर त्याच्या कामाचे नाही, आणि ती कोणी गुपचूप बदलणेही त्याला परवडणारे नाही. तेव्हा दाखले या खतावणीत चढवण्यापूर्वी दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे करायचा, निकाल किती दिवसांत लागेल आणि बदलाची खूण कोठे दिसेल, हे शासनाने नियमांत लिहून ठेवावे.