टॉन्सिल गेले, घोरणं राहिलं

आईवडिलांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बघणं हे आता माझ्या ओपीडीतलं रोजचं काम झालंय. परवा एका बाईंनी दाखवलेल्या व्हिडिओत सात वर्षांचा मुलगा मान मागे टाकून, तोंड आ वासून झोपलेला. घोरणं चालू असतानाच एकदम शांतता. छाती वरखाली होतेय, पण हवा आत जात नाहीये. काही सेकंदांनी हुंदक्यासारखा आवाज, कूस बदलणं, पुन्हा घोरणं. "टॉन्सिल काढून आठ महिने झाले, डॉक्टर. मग हे आता कुठून आलं?"

असं होऊ शकतं हे ऑपरेशनआधी त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हा कान-नाक-घसावाल्यांची ही जुनी खोड. टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड काढले, मुलाने आइस्क्रीम खाल्लं, की आमच्या लेखी फाइल बंद.

ऑपरेशन वाईट नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'चॅट' चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप तपासणीत नॉर्मल झालेली दिसली. नुसती वाट पाहिलेल्यांत ४६ टक्के. तरीही ऑपरेशन झालेल्या पाचातल्या एका मुलाचा त्रास उरलाच, आणि अतिगंभीर मुलं तर त्या चाचणीत घेतलेलीच नव्हती. २०१० मध्ये आलेल्या ५७८ मुलांच्या अभ्यासात, ज्यात लठ्ठ मुलं बरीच होती, पूर्ण बरी झालेली मुलं जेमतेम २७ टक्के. लठ्ठपणा, दमा, डाउन सिंड्रोम, लहान जबडा किंवा मुळातच तीव्र त्रास, यांतलं काही असेल तर टॉन्सिल काढून भागेल असं गृहीत धरू नये.

या मुलाची झोपेची तपासणी झाली होती, आणि रिपोर्टवर चक्क 'नॉर्मल' लिहिलेलं. मी आकडा पाहिला. तासाला चार वेळा श्वास अडत होता. मोठ्या माणसात पाचपर्यंत आपण चालवून घेतो. लहान मुलात एकाच्या वर गेलं की दखल घ्यायची असते. रिपोर्ट मोठ्यांच्या मापाने वाचला गेला होता. दिवसा चिडचिड, वर्गात लक्ष नाही, अंथरूण ओलं होणं, या सगळ्याचं खापर मात्र मुलाच्या स्वभावावर फुटलेलं.

आता अडतंय कुठे, हे शोधायला हवं. त्यासाठी औषधाने झोप आणून नाकातून दुर्बीण घालतात. जिभेच्या मुळाशी वाढलेली टॉन्सिलसारखीच गाठ, श्वास घेताना आत ओढला जाणारा स्वरयंत्राचा वरचा भाग, पुन्हा वाढलेले ॲडेनॉइड, असं काही दिसतं आणि इलाज त्या जागेचा होतो. जागा न बघता दुसरं ऑपरेशन ठरवणं मला पटत नाही.

सौम्य त्रासात नाकातला स्टिरॉइड स्प्रे चालतो. मॉन्टेलुकास्टच्या गोळीनेही काहींना फरक पडतो, पण मूल अचानक उदास किंवा आक्रमक झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्या गोळीवर याबद्दलचा कडक इशारा छापायला लावला. टाळू अरुंद असेल तर दातांचे डॉक्टर तो हळूहळू रुंद करतात. लठ्ठ मुलाचं वजन तर घरातल्या सगळ्यांचं ताट बदलल्याशिवाय हलत नाही.

उरतो मास्क. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे यंत्र कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत आणलं. आपल्याकडे त्याचं नाव काढलं की आजीचा चेहरा पडतो: 'मशीनवर' ही आपल्याकडे अखेरची भाषा. पहिल्याच रात्री मास्क बांधून दिवा मालवला तर मूल तो भिरकावणारच. मी सांगतो, आठवडाभर यंत्र न लावता दिवसा कार्टून बघताना नुसता मास्क तोंडावर धरा, बाहुलीलाही लावा, मग हवा सुरू करा. मापही तपासत राहावं लागतं, कारण चेहरा वाढत असतो.

त्या मुलाची दुर्बिणीची तपासणी पुढच्या बुधवारी आहे. आणि माझ्या डिस्चार्ज कार्डावर, पथ्याच्या खाली, आता एक ओळ वाढली आहे: सहा ते आठ आठवड्यांनी झोपेतला व्हिडिओ घेऊन या, घोरणं थांबलं असलं तरी.