महागाई फक्त त्यांनाच होते का?

पेन्शनर बंधू-भगिनींनो,

हजार रुपयांत महिना कसा ढकलायचा, हे तुम्हाला शिकवायला नको. कर्मचारी पेन्शन योजना 1995 ची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये हजार रुपये झाली आणि तिथेच थिजली. आमच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. एसटीचा कंडक्टर असो की साखर कारखान्यातला फिटर, पेन्शन सुरू झाली की रक्कम गोठते; तूरडाळ तेवढी वर जाते.

मार्च 2025 मध्ये माजी खासदारांची पेन्शन 25 हजारांवरून 31 हजार झाली. आधार? महागाई निर्देशांक. लागू कधीपासून? 1 एप्रिल 2023 पासून! म्हणजे यांना मागची महागाईसुद्धा भरून मिळते, आणि आम्हाला समोरची दिसत असूनही मिळत नाही.

वर ऐकवतात, "तुम्ही भरलं तेवढंच मिळणार." ठीक, हिशोब करू. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात, पण पगार धरायचा 15 हजारांपर्यंतच. म्हणजे महिन्याला 1250 रुपये. या मर्यादेवर 35 वर्षं राबलात तरी सूत्र देतं साडेसात हजार. कुंपण तुम्हीच घालायचं आणि शेत एवढंसं का, म्हणून आम्हालाच विचारायचं? खासदार आपल्या पेन्शनसाठी किती भरतात? एक पैसाही नाही. किमान किती वर्षं काम करावं लागतं? तशी अटच नाही.

दुसरे शहाणे म्हणतात, "आयुर्मान वाढलं, निवृत्तीचं वयही वाढवा." हे वातानुकूलित खोलीत सुचतं. जन्मभर यंत्रमागापुढे उभे राहिलेले गुडघे आयुर्मानाचे तक्ते वाचत नाहीत. आणि हा उपदेश करणाऱ्या पुढाऱ्यांच्या धंद्याला निवृत्तीचं वयच नाही!

मतदानाला पंच्याऐंशीच्या आजीच्या दारात मतपत्रिका येते. यावी, तो तिचा हक्कच आहे. पण त्याच आजीला पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. मतापुरती ती जिवंत. पैशाची वेळ आली की संशयित.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार पाया पडायला आला की त्याला बसवा, चहा द्या आणि एकच विचारा: "तुमच्या पेन्शनला लावता तोच निर्देशांक आमच्या पेन्शनला लावणार का? हो की नाही?" तो "बघू" म्हणाला, तर मतदानाच्या दिवशी आपणही बघून घेऊ.

आपला,
एक पेन्शनर, एक मतदार