डुप्लिकेट म्हणू नका

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कंटाळा, दुसरं काय! पण गेल्या आठवड्यात घरातल्याच एका प्रकाराने डोकं असं फिरलं की म्हटलं, आता लिहायचंच. आपले नातेवाईकही हे पान वाचतात हे मला माहीत आहे. वाचा. आजचं तुमच्यासाठीच आहे.

तर झालं असं. आमच्या तुळजापूरच्या पुतण्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. दादाचं दुकान महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हळद-कुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, देवीचे टाक, असा सगळा माल. लेकरू सोलापूरला शिकतं आणि नवरात्रात पहाटेपासून दुकानावर उभं राहतं. अशा दोन नवरात्रांचे पैसे त्याने साठवले, कमी पडले ते दादाने घातले आणि पुण्याहून एपिफोन कंपनीची लेस पॉल गिटार आली. पोराने हौसेने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला.

पाच मिनिटांत पहिला प्रश्न: "ओरिजिनल आहे का?"

मग परदेशस्थ भावाचं उत्तर: "नाही रे. ओरिजिनल लेस पॉल गिब्सनची असते. ही डुप्लिकेट." मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग काकांचा उपदेश: "अजून दोन वर्षं थांबून खरी घ्यायची की!" आणि शेवटी कोणीतरी: "जाऊ द्या, तुळजापुरात कोणाला कळतंय."

रात्री फोटो गायब. वहिनी सांगत होती, चार दिवस गिटार पलंगाखाली होती, पोराने हात लावला नाही. मी फोन केला तर म्हणतो, "काका, फसलो का मी?"

नाही रे बाळा. फसलेले दुसरेच आहेत. कसे ते सांगतो.

आधी शब्द नीट लावू. डुप्लिकेट कशाला म्हणायचं? कोणीतरी कुठेतरी गिटार बनवतो, तिच्या डोक्यावर गिब्सनचं नाव चिकटवतो आणि गिब्सन म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. ते डुप्लिकेट. ती चोरी आहे आणि तिची बाजू मी घेणार नाही. एपिफोन आपल्या डोक्यावर एपिफोन हेच नाव लिहिते. ही कंपनी गिब्सनच्याच मालकीची आहे, १९५७ पासून. म्हणजे ज्यांचं डिझाइन आहे त्यांनीच, आपल्या दुसऱ्या नावाने, कमी खर्चात काढलेली ती आवृत्ती आहे. फेंडरचंही तेच. १९८२ पासून त्यांच्या स्वस्त गिटारी स्क्वायर या नावाने निघतात. पॉल रीड स्मिथने २००१ मध्ये एसई नावाची स्वस्त मालिका सुरू केली. यात लपवाछपवी कुठे आहे? पुस्तकाची कापडी बांधणीची प्रत आणि कागदी बांधणीची प्रत असते ना, तसं आहे हे. कागदी प्रत वाचणाऱ्याला आपण "डुप्लिकेट कादंबरी वाचतोय" असं म्हणतो का?

आता जरा इतिहास, कारण 'ओरिजिनल' हा शब्द फेकणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. एपिफोन हे न्यूयॉर्कला आलेल्या एका ग्रीक वाद्यकार कुटुंबाचं घराणं. १९३० च्या दशकात ते गिब्सनचे तोडीस तोड प्रतिस्पर्धी होते. लेस पॉल नावाच्या वादकाला भरीव लाकडाची गिटार करून बघायची होती. १९४० च्या सुमारास त्याने एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून पहिला प्रयोग केला, तो एपिफोनच्याच कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी जाऊन. तो ओंडका घेऊन तो गिब्सनकडे गेला तेव्हा त्यांनी रस दाखवला नाही. पुढे १९५० मध्ये फेंडरने भरीव गिटार बाजारात आणली, तेव्हा गिब्सनला जाग आली आणि १९५२ मध्ये लेस पॉलच्या नावाची गिटार निघाली. म्हणजे ज्या गिटारीला आपण एपिफोनची 'नक्कल' म्हणून हसतो, तिचं मूळच एपिफोनच्या आवारात आहे! आणि बीटल्सच्या लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांकडेही एपिफोनची कॅसिनो होती. ३० जानेवारी १९६९ ला लंडनच्या गच्चीवर झालेल्या त्या शेवटच्या कार्यक्रमात लेननच्या गळ्यात तीच होती. त्याला खालून कोणी विचारलं नसावं, ओरिजिनल आहे का म्हणून. :)

आता तुम्ही म्हणाल, मग पैशांत एवढा फरक का? रास्त प्रश्न आहे. एपिफोनची लेस पॉल गिब्सनच्या साधारण पाव किमतीत मिळते. हा फरक हवेत जात नाही, हे मी मान्य करतो. गिब्सन अमेरिकेत बनते, तिथल्या कारागिराचा पगार त्यात असतो. तिच्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ थर चढवतात, वाळवतात, त्याला वेळ लागतो. स्वस्त आवृत्तीवर जाड पॉलीचा थर बसतो. लाकडाची निवड, आवाज पकडणारे पिकअप, आतले पॉट, तारा ताणायच्या खुंट्या, पडद्यांच्या कडा घासण्याची सफाई, या सगळ्यात काटकसर होते. मग सारखं काय राहतं? तारेची लांबी तीच, पावणेपंचवीस इंचांच्या आसपास. महोगनीचं अंग आणि वर मेपल, हीच रचना. दोन हंबकर पिकअपची मांडणी तीच. बोटांना जे शिकायचं ते सगळं इथे शिकता येतं. चौपट पैसे दिल्यावर गिटार चांगली मिळते, यात शंका नाही. पण चौपट चांगली मिळत नाही. वीस वर्षांच्या पोराच्या हातात तर अजिबातच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही स्वस्ताई येते कुठून? गिटार बनवणारा चीन-इंडोनेशियातला कामगार स्वस्त असतो म्हणून ना? हो, त्याचाही त्यात वाटा आहे, आणि हे बोचायलाच हवं. पण हा प्रश्न ज्या फोनवरून विचारला जातो तो फोन कुठे जोडला गेला, हेही एकदा बघा. आयुष्यभर तोच माल वापरायचा आणि तत्त्व मात्र पुतण्याच्या गिटारीपाशी आठवायचं, याला तत्त्व म्हणत नाहीत.

"थांबून खरी घ्यायची" हा उपदेश मला सगळ्यात घातक वाटतो. त्यात शहाणपणाचा आव आहे ना, म्हणून. अहो, थांबायचं म्हणजे काय करायचं? दोन वर्षं बोटं खिशात घालून बसायचं? त्या दोन वर्षांत नोकरी लागते, जबाबदाऱ्या येतात, बहिणीचं लग्न निघतं आणि साठवलेले पैसे तिकडे जातात. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मला सतार शिकायची होती. गुरुजींनी साधी, विद्यार्थ्यांची सतार घे म्हणून सांगितलं. मी म्हटलं, घेईन तर चांगलीच घेईन. आज पन्नाशी आली. ना चांगली घेतली, ना साधी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बघा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं त्या कारागिरांचं नाव. तिथे शिकणाऱ्यासाठी साधं वाद्य बनतं आणि मैफलीसाठी नक्षीचं बनतं. दोन्हींचे भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. साध्या तंबोऱ्याला तिथे कोणी डुप्लिकेट म्हणत नाही. तो शिकण्याचा तंबोरा. एवढी साधी गोष्ट मला विशीत कळली नाही आणि काही जणांना साठीतही कळलेली नाही.

आणि "तुळजापुरात कोणाला कळतंय" म्हणणाऱ्यांनो, तुळजापूर म्हणजे काय वाटलं तुम्हाला? ज्या गावात संबळाच्या नादावर गोंधळी रात्र जागवतात, तुणतुण्याच्या एका तारेवर अख्खं आख्यान उभं करतात, त्या गावाच्या कानाला तुम्ही नावं ठेवणार? एका तारेतून काय काय निघतं हे ज्याने लहानपणापासून ऐकलंय, त्याच्या हातात आता सहा तारा आहेत. काळजी त्याची नाही. काळजी आपली आहे. आपण वाद्याचा आवाज ऐकण्याआधी त्याच्या डोक्यावरचं नाव वाचतो.

हे सगळं मी आज्जीला सांगत होतो. तिला गिब्सन कळलं नाही, पण भांडण बरोबर कळलं. म्हणाली, "आपल्या देव्हाऱ्यातला टाक तुझ्या आजोबांनी इथल्याच गल्लीतून घेतला. तो डुप्लिकेट का रे?" मी गप्प. मग मलाच आठवलं, महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. ती मूर्ती वेगळी, गड वेगळा, देवी तीच. पावणेचारशे वर्षांच्या आसपास लोक तिथे डोकं टेकवतात. गिटारीची आणि देवीची तुलना मी करत नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नये. पण मूळ कुठे आहे हे जाणूनही आपल्याला झेपेल ते रूप घरी आणायचं आणि त्याची मनापासून सेवा करायची, ही रीत आपल्याला नवी नाही. आपलं अख्खं दुकान त्या रीतीवर चाललंय. मग पोरानं तेच केलं तर हसायचं कशाला?

असो. फार बोललो. पोराला मी एवढंच सांगितलं. पुण्याची हवा सोडून गिटार तुळजापूरच्या उन्हात आली आहे. लाकूड आहे, थोडं हलणारच. मानेतली सळई एकदा जाणकाराकडून जुळवून घे, तारांची उंची बोटांना सोसेल एवढी ठेव. चांगल्या गिटारीसाठी साठवायचे ते पैसे आधी बऱ्याशा अँप्लिफायरला घाल, आवाज शेवटी तिथूनच बाहेर पडतो. आणि फोटो परत टाक.

परवा त्याने फोटो टाकला नाही. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग टाकलं. दोन ठिकाणी चुकलाय, पण ताल सोडलेला नाही. अजून ग्रुपवर कोणीही काही बोललेलं नाही. काका, ऐका एकदा. आणि दिवाळीत घरी याल तेव्हा त्याच्यासमोर 'ओरिजिनल' हा शब्द काढू नका. कोणतं गाणं बसवलंयस, एवढं विचारा.

ता. क. - परदेशस्थ भावास: तुझ्याकडे खरी गिब्सन आहे, हे मला माहीत आहे. गेल्या दिवाळीच्या व्हिडिओत ती भिंतीवर टांगलेली दिसली. तिच्यावर धूळही दिसली.