पडद्यावर आपला माणूस बोलतो का?



वडिवळ्यात टॉकीज नाही. पिक्चर बघायचा तर कामशेतला जाऊन लोकल धरायची, नाहीतर मोबाईल तांब्याला टेकवून सगळ्या घरानं त्यात डोकी घालायची. या पावसाळ्यात आम्ही डोकीच घातली. तीन पिक्चर बघितले. जुनेच आहेत, पण पुन्हा बघावेत असे.

पहिला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१४ साली आलेला. कैकाडी समाजातला शाळकरी जब्या आणि त्याचं घर डुक्कर धरायला धावतं. गाव हसतं. आमची पोरंही हसली. मग जब्याचा चेहरा दिसला आणि पोरं गप्प झाली. पुढे मेलेलं डुक्कर उचलून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई दिसतात. भिंतीवर चित्रं काढायला गावाची ना नसते, पोराच्या खांद्यावरचं ओझं मात्र तसंच राहतं. शेवटी जब्याला शब्द सापडत नाही, दगड सापडतो.

दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१५चा. चाल संथ आहे. धाकटा मध्येच झोपला. आरोप काय, तर लोकशाहिराचं गाणं ऐकून गटारसफाई करणाऱ्या कामगारानं जीव दिला! खरी गोष्ट त्याची विधवा सांगते. गटारात खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर समजायचं की आत श्वास घेता येईल. साधा मास्कसुद्धा नाही. ती बाई रडत नाही, सरळ सांगते, म्हणून ऐकवत नाही. शाहिराचं काम नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केलं. ते २०२१ साली कोरोनात गेले. पालिकेत कामाला असलेल्या भावांनी हा जरूर बघावा.

तिसरा २०२२चा ‘झुंड’. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कामावरून घेतलेला. पिक्चर लांबलाय, जवळजवळ तीन तास. अमिताभ बच्चन असूनही लक्षात राहतात ती पोरंच. जयंतीचा जल्लोष हिंदी पडद्यावर बघून घरातल्या आजी मोबाईलपुढे हात जोडून बसल्या. पण मला आवडलं ते वेगळं. गुरुजी आधी पोरांना बोलतं करतात. कोणाचा बाप दारुडा, कोणी स्वतःच नशेत; पोरं आपल्या तोंडानं सांगतात. खेळ त्यानंतर सुधारतो.

बऱ्याच पिक्चरमध्ये आपला माणूस मार खातो, रडतो आणि बोलतो मात्र दुसराच कोणी. म्हणून मार किती खाल्ला हे मोजू नका. तो बोलतो का, त्याचं कोणी ऐकतं का, ते बघा.

मायबहिणींनो, पिक्चर संपला की मोबाईल बाजूला ठेवा आणि पोरांना विचारा, “तू जब्याच्या जागी असतास तर?” उत्तर उलटसुलट आलं तरी दटावू नका. आमच्या थोरल्यानं दोन दिवसांनी सांगितलं, की शाळेत त्याला आडनावावरून चिडवतात. वर्षभर तो गप्प होता.