फिनलंडला पाठवायचंच, तर विद्यार्थ्यांना पाठवा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी



परदेशातलं स्टार्टअपविश्व पाहायला जाणाऱ्या शिष्टमंडळांचं वेळापत्रक आता कुणीही डोळे मिटून सांगेल. एक दिवस इनक्युबेटर, एक दिवस विद्यापीठ, मग एखाद्या गुंतवणूकदाराचं भाषण, सामंजस्य करारावर सह्या आणि शेवटी विमानतळावर चॉकलेटं. परतल्यावर अहवाल तयार होतो. त्यात रंगीत खुर्च्यांचे फोटो असतात आणि ‘इकोसिस्टीम’ हा शब्द पानोपानी असतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, तिथला उद्योजकता कक्ष सांभाळतो आणि असे अहवाल वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. आपल्याकडे फिनलंडच्या अभ्यासाचा प्रस्ताव कधी आलाच, तर त्यावर सही करण्याआधी हे पत्र वाचावं, एवढीच विनंती.

फिनलंडच का? हेलसिंकीत दर नोव्हेंबरात भरणारा ‘स्लश’ हा मेळावा पाहायला लोक जातात, सुंदर छायाचित्रं घेऊन येतात, आणि या देशाकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट तशीच मागे राहते. ती गोष्ट म्हणजे एखादी कंपनी बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं.

लोकसंख्या छप्पन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही बरीच कमी. अशा देशात एकट्या नोकियाचा वाटा 2000च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांपर्यंत गेला होता. मग आयफोन आला, अँड्रॉइड आलं, आणि 2011पासून नोकियाने हजारोंच्या संख्येने माणसं कमी करायला घेतली. सालो या छोट्या शहरातला तिचा कारखाना 2012मध्ये बंद पडला. मोबाइलचा धंदा 2014मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. एखाद्या देशाचं कंबरडं मोडायला एवढं पुरेसं होतं.

नोकियाला ठेच आधीच लागली होती. 2008मध्ये जर्मनीत बोखुम इथला कारखाना तिने एकाएकी बंद केला. कामगार रस्त्यावर आले, जर्मनीत बहिष्काराची हाक उठली, आणि त्या बंदचा खर्च माणशी सुमारे ऐंशी हजार युरोंवर गेला. म्हणून 2011मध्ये कंपनीने ‘ब्रिज’ नावाची योजना आणली. नोकरी जाणार असलेल्या माणसासमोर वाटा ठेवल्या होत्या: कंपनीतच दुसरं काम, बाहेर नोकरी, नवं शिक्षण किंवा स्वतःचा धंदा. धंदा निवडणाऱ्याला पंचवीस हजार युरोंपर्यंत मदत होती आणि चौघांनी मिळून काही काढलं तर एक लाख. तेरा देशांतल्या सुमारे अठरा हजार माणसांसाठी कंपनीने पाच कोटी युरो खर्च केले, म्हणजे माणशी अठ्ठावीसशेच्या आसपास. बोखुमच्या ऐंशी हजारांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. या योजनेतून जगभरात सुमारे हजार नव्या कंपन्या उभ्या राहिल्या.

याच कंपनीचा तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला कारखाना होता. करवादात अडकल्यामुळे तो मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी तिथलं उत्पादन थांबलं. हजारो कामगारांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीची रक्कम पडली. कंपनी एक, उत्पादन एक, पण कारखाना बंद झाल्यानंतरची गोष्ट दोन देशांत किती वेगळी निघाली! आपल्या अभ्यासकाने फिनलंडमध्ये पहिल्यांदा सालोला जावं, असं मला याचसाठी वाटतं. हेलसिंकी नंतर.

फिनलंडला हे शहाणपण स्वस्तात मिळालेलं नाही, हेही सांगायला हवं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत बाजारपेठ कोसळली, बँका अडचणीत आल्या आणि 1994मध्ये बेरोजगारी सोळा टक्क्यांच्या वर गेली. धंद्यासाठी स्वतःच्या नावावर हमी दिलेले कितीतरी उद्योजक त्या कर्जाखाली वर्षानुवर्षं दबून राहिले. म्हणून ‘तिकडे लोकांना अपयशाची भीतीच वाटत नाही’ असं कुणी अहवालात लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. भीती वाटते, चांगलीच वाटते. आल्टो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2010पासून 13 ऑक्टोबरला ‘अपयश दिन’ पाळायला सुरुवात केली, ती भीती होती म्हणूनच. असा दिवस आपण उद्या सुरू करू शकतो. बॅनर छापून होतील, दीपप्रज्वलनही होईल. त्या दिवसामागे जी व्यवस्था आहे ती मात्र छापून मिळत नाही. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला सुरुवातीचे काही महिने घर चालवण्यापुरता सरकारी भत्ता मिळतो. त्याला तिकडे ‘स्टार्टिराहा’ म्हणतात आणि तो 1980च्या दशकापासून आहे. भांडवल वेगळं, पोटापाण्याची सोय वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक योजना बीजभांडवलाचं बोलतात, पण पोराच्या घरचं भाडं कोण भरणार, यावर गप्प असतात. मग धंदा कोण काढतो? ज्याच्या बापाचं घर आहे तो.

सुपरसेल या मोबाइल खेळ बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच. 2010मध्ये सुरू झालेल्या हेलसिंकीच्या या कंपनीला सुरुवातीला ‘टेकेस’ या सरकारी संस्थेचं कर्ज मिळालं होतं. पहिला मोठा खेळ त्यांनी स्वतःच मोडीत काढला आणि मग 2012मध्ये ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आला. खेळ बंद करायचा निर्णय तो बनवणारा छोटा गटच घेतो, वरून कुणी घेत नाही. आणि बंद केल्यावर शँपेन उघडतात. इथपर्यंतची गोष्ट आपल्या व्याख्यानांत नेहमी ऐकू येते. पुढची कमी ऐकू येते. 2013मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा सॉफ्टबँकेने घेतला तेव्हा संस्थापकांनी कर फिनलंडमध्येच भरला, आणि तो आनंदाने भरतो आहोत, असं जाहीरपणे सांगितलं. (तिथे प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न दर नोव्हेंबरात जाहीर होतं. आपल्याकडे अशी यादी छापली तर वर्तमानपत्रांचा खप दुप्पट होईल.) टेकेसने दिलेलं कर्ज समाजाकडे कितीतरी पटींनी परत आलं, ते या वाटेने. नवउद्योजकाला सरकारने पैसा का द्यावा, या प्रश्नाचं उत्तर रोजगाराच्या अंदाजांपेक्षा या एका हिशेबात जास्त स्पष्ट आहे.

आता पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सगळं शिकायला कोण गेलं पाहिजे?

गंमत अशी की, फिनलंडमधली ही चळवळसुद्धा एका अभ्यासदौऱ्यातूनच उभी राहिली. 2009मध्ये हेलसिंकीचे काही विद्यार्थी अमेरिकेत एमआयटी पाहायला गेले. परतल्यावर त्यांनी अहवाल लिहिला नाही, ‘आल्टोएस’ नावाची उद्योजकता संघटना काढली. आल्टोच्या ओटानिएमी इथल्या आवारातलं एक जुनं गोदाम विद्यापीठाने त्यांच्या हवाली केलं आणि त्यातूनच पुढे ‘स्टार्टअप सॉना’ हे नवउद्योग घडवणारं केंद्र उभं राहिलं. छोटेखानी असलेला ‘स्लश’ पुढे विद्यार्थ्यांनीच हातात घेऊन एवढा मोठा केला. मंत्री आणि प्राध्यापक मदतीला होते, पण दाराची किल्ली मुलांकडे होती. तो दौरा प्राध्यापकांचा असता, तर त्यातून बहुधा एक समिती निघाली असती. मी प्राध्यापक आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो.

एमआयटीची ही वाट आपल्याला नवी नाही. तिथे शिकलेला पहिला भारतीय विद्यार्थी, केशव मल्हार भट, पुण्याहून 1882मध्ये गेला होता. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते ईश्वरदास वार्ष्णेय. काचेचं तंत्र शिकायला ते आधी जपानला गेले, मग एमआयटीला. आणि परतल्यावर ते आले तळेगाव दाभाड्याला. कारण तिथे त्यांच्यासाठी जागा होती. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांनी पैसा पैसा गोळा केला होता, टिळकांनी ती चळवळ उचलून धरली होती, आणि त्या निधीतून 1908मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. तो कारखानाही होता आणि शाळाही. भट्टीशेजारी शिकलेली मुलं पुढे बाहेर पडली. वार्ष्णेय स्वतः नंतर उत्तरेत गेले आणि बहजोईला त्यांनी काचेचा कारखाना काढला. आजच्या भाषेत, संस्थापक इनक्युबेटर सोडून दुसऱ्या राज्यात गेला. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्ञान हातात घेऊन माणसं हिंडली, हेच त्या कारखान्याचं काम होतं.

तळेगावला तेव्हा जे होतं ते आजच्या परदेशी शिक्षणाच्या योजनांत सहसा नसतं: परत येणाऱ्यासाठी आधीपासून तयार असलेली जागा. आपण मुलाला पाठवतो, तो शिकतो, परततो आणि प्लेसमेंटच्या रांगेत उभा राहतो.

म्हणून माझी मागणी आठवडाभराच्या दौऱ्याची नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने 2001च्या सुमारास सुरू केलेल्या ‘ओव्हरसीज कॉलेजेस’ योजनेचा नमुना घ्यावा. तिथले विद्यार्थी सहा महिने ते वर्षभर परदेशातल्या छोट्या स्टार्टअपमध्ये पूर्णवेळ काम करतात आणि जोडीला तिथल्या विद्यापीठात वर्ग करतात. सिलिकॉन व्हॅलीत अशाच मुक्कामाला असलेल्या तिघांनी परत येऊन 2012मध्ये ‘कॅरोसेल’ ही कंपनी काढली. ओटानिएमीत, ओउलूत किंवा ताम्पेरेत दहा माणसांच्या कंपनीत आपली मुलं एक सेमिस्टर राबली, तर पगार थकल्यावर संस्थापक काय करतो, ग्राहकाला नकार कसा देतात, एखादं उत्पादन मोडीत कधी काढायचं, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. त्या सेमिस्टरची क्रेडिट्स इथल्या विद्यापीठांनी मान्य करावीत, एवढी तजवीज आपणच करू शकता. विनिमय करारातून गेलं, तर युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017पासून लागू झालेलं शिक्षणशुल्कही सहसा टळतं; राहण्याखाण्याचा खर्च तेवढा उरतो.

निवड करताना इंग्रजी सादरीकरणाला गुण देऊ नयेत. नांदेडच्या तंत्रनिकेतनातली मुलगी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा मुलगा स्लाइडवर अडखळेल, पण यंत्र का बंद पडलं हे त्यांना कळतं. आणि परतल्यावर त्यांना वर्षभर जगण्यापुरता भत्ता आणि एक शेड द्यावी. एमआयडीसीत रिकामी शेड शोधायला फार लांब जावं लागणार नाही. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना शासन काम देतं, ही योजना मला मनापासून आवडते, कारण पहिला ग्राहक मिळणं हे बक्षिसापेक्षा मोठं असतं. परतलेल्या मुलांनाही त्याच दारातून आत घ्यावं.

अधिकाऱ्यांनी जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. त्यांनी जावं, पण मुलं तिथे काम करत असताना, चौथ्या महिन्यात जावं आणि त्यांच्याकडून ऐकून यावं. पहिल्या तुकडीतल्या ज्यांचा धंदा दोन वर्षांत बंद पडेल, त्यांची नावं अहवालातून वगळू नयेत. उलट दुसऱ्या तुकडीच्या निवड समितीवर त्यांनाच बसवावं.

आठ-दहा विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पुढच्या ऑगस्टमध्ये निघू शकते, कारण तिथलं सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं. थंडीचे कपडे मात्र इथून घेऊन जाऊ नयेत, तिथेच जुन्या बाजारात स्वस्त मिळतात.



आपला,
अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक, पुणे