पिवळ्या पानाचा हिशेब



उसाचे खालचे पान पिवळे पडले की ते वाया गेले, असे आपण समजतो. तसे नाही. पान वाळण्याआधी ऊस त्यातला माल काढून घेत असतो. पेशी आपलेच जुने, झिजलेले भाग पातळ पिशवीत गुंडाळते, आपल्या आतल्या पोकळीत नेऊन विरघळवते आणि सुटलेले नत्र वरच्या कोवळ्या पानांकडे धाडले जाते. पेशीतली ही व्यवस्था यीस्टवर उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मक्यात ही व्यवस्था बंद पाडून पाहिली, तेव्हा पानातले नत्र दाण्याकडे कमी गेले. मका आणि ऊस एकाच गवत कुळातले.

पाण्याचा ताण पडला, खत अपुरे पडले की ही घरची बचतच पिकाला तगवते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी लांबली की अंबड, घनसावंगीकडे खालची पाने वाळतात अन् शेंडा हिरवा राहतो, तो उगाच नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की उभ्या उसाचा हिरवा पाला वैरणीसाठी ओरबाडू नये. वैरणीची अडचण २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वांनी पाहिली आहे. पण हिरवे पान काढणे म्हणजे परत यायची रक्कम बुडविणे. काढायचे तर पूर्ण वाळलेलेच काढा आणि सरीतच टाका.

दुसरे, तोडणीनंतर काडी लावू नका. उसाला जे परत नेता येत नाही, ते पाचटात उरते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी ४० ते ५० किलो होते. जाळले की ते नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो, हाती राख राहते.

"पाचटात पाणी पुढे सरकत नाही" ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पाचट एकाआड एक सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो कुजविणारे जिवाणू टाकावेत.

पीक स्वतः काटकसर करते. मालकाने उधळपट्टी करावी, हे बरे दिसत नाही. यंदा निदान एका एकराच्या खोडव्यात करून बघा.