फुले वाळवा, पण बेदाण्यासारखी

सांगलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "गावभागातला आमचा जुना वाडा संक्रांतीपर्यंत रिकामा करायचा आहे. तिथे इमारत उठणार. परसात सासूबाईंनी चाळीस वर्षं जपलेली बाग आहे. निदान फुलं तरी वाळवून फ्रेममध्ये लावावीत म्हणून मी ती गच्चीवर सुपात पसरली. चार दिवसांत गुलाब तपकिरी झाला, शेवंती फिकी पडली. वर सासूबाई म्हणतात, वाळकी फुलं म्हणजे निर्माल्य, ती का भिंतीवर टांगायची? आता काय करू?"

बाई, गच्चीवर पसरलीत तिथेच चुकले. पापड, सांडगे, कुरडया यांच्या सवयीने आपल्याला वाटते, वाळवण म्हटले की ऊन हवेच. पण तुमच्याच जिल्ह्यातली तासगावकडची बेदाण्याची शेड आठवा. द्राक्षे तिथे थेट उन्हात टाकत नाहीत. वर छप्पर, बाजूंनी खेळता वारा आणि जाळ्यांच्या थरांवर घड पसरलेले. म्हणून तर बेदाण्याचा हिरवा रंग टिकतो. फुलांचेही तसेच. पाणी वाऱ्याने न्यायचे आणि रंग सावलीने राखायचा.

तुमच्याकडे दिवाळी सरली की हवा कोरडी होते, ती पार वळवापर्यंत. कोकणातल्या बहिणींना हे सुख नाही. पावसाळ्यात मात्र कोणीच या भानगडीत पडू नये. मी एकदा भर श्रावणात माहेरच्या बागेतली फुले जाड पुस्तकात दाबून ठेवली होती. पंधरा दिवसांनी उघडले तर पानापानावर बुरशी! पुस्तक गेले, फुलेही गेली, आणि ती बाग आता राहिलेली नाही. म्हणून तुम्हाला घाईने लिहिते आहे.

फुले सकाळी दव उडून गेल्यावर तोडावीत. पुरती उमललेली नकोत, पाकळ्या गळतात. उमलत्या अवस्थेतली घ्यावीत. कोंबडा, जांभळी बटणफुले, लहान घट्ट शेवंती यांच्या पाच-सहा देठांच्या सैल जुड्या बांधून माळ्यावर किंवा अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगा. उलट्या टांगल्या की देठ सरळ राहतो, मान पडत नाही. दोनतीन आठवड्यांनी देठ कट्कन मोडला की वाळले समजावे. झेंडू आक्रसतो, पण त्याचा रंग छान राहतो. बोगनवेलीला तर फारसे काही करावेच लागत नाही. मुळात ती रंगीत पाने, ती फुले नव्हेतच.

गुलाबाला वाळू हवी. नदीची बारीक वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. बिस्किटांच्या डब्यात दोन बोटे वाळू घालून फूल तोंड वर करून उभे करा. मग चमच्याने कडेकडेने वाळू सोडा, प्रत्येक पाकळीच्या आत-बाहेर सारखी जाईल अशी. वरून एकदम ओतलीत तर फूल चेपलेच! डबा झाकण न लावता कोरड्या जागी दहा-पंधरा दिवस ठेवा. काढतानाही वाळू हळूहळू ओता आणि उरलेली मऊ कुंचल्याने झटका. लाल गुलाब वाळल्यावर काळपट होतो, गुलाबी रंग जास्त खुलून दिसतो. सिलिका जेल वापरलेत तर काम आठवड्यात होते, पण त्याचा डबा घट्ट बंद हवा. त्यातले निळे खडे विषारी असतात. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

कॉसमॉस, फ्लॉक्स, वर्बिना अशी पातळ फुले दाबूनच वाळवावीत. सोबतीला शेपूची किंवा गाजराची नाजूक पाने घ्या, फार शोभतात. रद्दीच्या साध्या कागदांत ती एकमेकांना न टेकता मांडा (रंगीत गुळगुळीत पुरवणी नको, ती पाणी शोषत नाही) आणि वर पाटा ठेवा. पहिले चार दिवस कागद रोज बदला. हाच खरा उद्योग, आणि इथेच आळस होतो. जास्वंद आणि मोगऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. जास्वंद चिकट, काळी होते आणि मोगरा तपकिरी.

एक अवांतर सांगते. सांगलीहून कास पठारावर सहली जातात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथले एकही फूल संग्रहासाठी तोडू नये, तशी बंदीच आहे. रानातलेच हवे असेल तर शेताच्या बांधावरचा कुर्डू आणा. आपण भाजी करतो तोच. त्याचे रुपेरी-गुलाबी तुरे टांगून सुंदर वाळतात आणि कोणाचे काही बिघडत नाही.

आता सासूबाईंचे म्हणणे. ते मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. देवाला वाहिलेले फूल निर्माल्य, ते तुम्ही घेऊच नका. पूजेच्या आधी, वेगळ्या परडीत तोडा. आणि तोडायला त्यांनाच बरोबर न्या. चाळीस वर्षांची बाग जाते आहे ती त्यांची. निर्माल्याचे कारण पुढे करून त्या कदाचित दुसरेच काही सांगत असतील. वनस्पतिशास्त्रज्ञ वाळवलेल्या प्रत्येक नमुन्याखाली नाव, जागा, तारीख लिहितात. तुम्हीही लिहा. हा गुलाब कोणाकडून आणला, ही शेवंती कोणत्या साली लावली, त्यांना विचारून पेन्सिलीने टिपा. ते तुम्हाला इतर कोणी सांगणार नाही.

फ्रेमची मागची बाजू कागदी पट्टीने पक्की बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दमट हवा शिरेल. ऊन येणाऱ्या भिंतीवर ती लावू नका. उरलेली फुले घट्ट झाकणाच्या बरणीत, कापडात बांधलेल्या कापराच्या वडीसह ठेवा. छोट्या फुलांच्या पुस्तकखुणा केल्यात तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून देता येतील. शेजारणींच्या हातीही त्या बागेतले काही जाईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही प्राजक्ताबद्दल विचारले आहे. त्याचे फूल टिकत नाही, कितीही जपलेत तरी पाकळ्या तपकिरी होतातच. पण केशरी देठ वाळवून ठेवता येतात. ते पाण्यात उकळून त्यात पांढरा सुती रुमाल भिजवा, कोवळा केशरी रंग चढतो. रंग पक्का नाही, तेव्हा रुमाल धुवायचा नाही, नुसता जपायचा. आणि झाडाखाली पिकलेली चपटी फळे पडली असतील, ती आत्ताच वेचून घ्या. प्रत्येकात दोन बिया असतात. नव्या घराच्या गॅलरीत मोठी कुंडी मावेल ना?